गावात शेतीवरच्या माहितीपटांचा पडदा लावायचाय : अनुभव सांगा

काळीभोर

नमस्कार मंडळी. माझं गाव औसा तालुक्यातलं, जिल्हा लातूर. नोकरीमुळे बारा वर्षं पुण्यात आहे. आई-बाबा आणि काका-काकू गावीच असतात. सात एकर कोरडवाहू. खरिपात सोयाबीन आणि तूर, सोयाबीन निघालं की हरभरा, एका तुकड्यात घरच्यापुरती ज्वारी.

मागच्या महिन्यात पुण्यात एका सभागृहात शेतीवरचे माहितीपट बघितले. एका फिल्ममधली बाई हुबेहूब आमच्या काकूसारखी खुरपत होती, तशीच उकिडवी बसून, तसाच पदर डोक्यावरून घेऊन. नंतर चर्चा झाली. शंभर-दीडशे माणसं होती, त्यात शेतात राबणारं कुणी दिसलं नाही, आणि जवळजवळ प्रत्येक जण म्हणत होता की शेतकऱ्यांमध्ये जागृती व्हायला हवी. मला उठून बोलता आलं नाही. ते अजून मनात आहे. ही फिल्म काकूनं बघावी आणि बघून काकू काय बोलते ते मला ऐकायचंय.

म्हणून गावात मारुतीच्या देवळापुढं एका संध्याकाळी पडदा लावायचं ठरवलंय. दीड-दोनशे माणसं येतील. पैसे साधारण दहा हजार. मनात असलेल्या फिल्म्स: ‘नीरोज् गेस्ट्स’ (२००९, दिग्दर्शिका दीपा भाटिया, पत्रकार पी. साईनाथ आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या), ‘बिटर सीड्स’ (२०११, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आणि बीटी कापूस), देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंवरची एखादी छोटी फिल्म आणि कॅलिफोर्नियातल्या एका शेतावरची ‘द बिगेस्ट लिटिल फार्म’ (२०१८).

दिवस येळवशीच्या आदल्या संध्याकाळचा धरलाय. बाकीच्यांसाठी सांगते: येळवस किंवा वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप करून पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. पुण्या-मुंबईची झाडून सगळी पोरं त्यासाठी गावी येतात, म्हणून हा दिवस.

कुणी असं काही केलंय का? काय चुकतं, तेही सांगा.

तंबूवाला

ताई, फिल्मचं मला कळत नाही, पडद्याचं कळतं. वडिलांचा तंबू सिनेमा होता. पुसेगाव, म्हसवड, आणखी कितीतरी जत्रा. लहानपणी मी तंबूच्या दोऱ्या धरल्या, पुढं मशीनवर बसलो. त्यावरून सांगतो.

पडदा विकत घेऊ नका. चांगल्या मांजरपाटाच्या दोन पट्ट्या आडव्या शिवून घ्या, एकच शिवण मधे येईल अशा. मागं काळं कापड लावा. नाही लावलं तर निम्मा उजेड पलीकडं जातो आणि चित्र फिकं पडतं. कापड वाऱ्यानं शिडासारखं फुगतं, तेव्हा चारी बाजूंनी बांबूच्या चौकटीला दर हातभर अंतरावर बांधा. शाळेची किंवा देवळाची सपाट भिंत असेल आणि ताजा चुना मारायची परवानगी मिळत असेल तर कापडाचा नादच सोडा. चुन्याच्या भिंतीसारखा पडदा नाही.

प्रोजेक्टर भाड्यानं घेताना ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, विचारा. बारा फूट रुंद चित्र हवं असेल तर साडेतीन-चार हजारांच्या खाली घेऊ नका. ऑफिसात बैठकीला वापरतात तो उघड्यावर चालत नाही. बारा फुटांच्या चित्राला साधारण अठरा-वीस फूट मागं ठेवावा लागेल, म्हणजे तो माणसांच्या मधोमध येतो. पोरं हमखास पुढ्यातून पळतात. उंच टेबलावर ठेवा आणि भोवती दोरी बांधा. वायरी जमिनीवर मोकळ्या नकोत. पोत्याखालून घ्या.

आवाजाकडं सगळे दुर्लक्ष करतात आणि कार्यक्रम तिथंच पडतो. लग्नातला भोंगा लावू नका, त्यातून गाणं कळतं पण बोलणं कळत नाही. दोन साधे बॉक्स, पडद्याच्या दोन्ही अंगांना, माणूस बसतो त्या कानाच्या उंचीच्या जरा वर. जनरेटर देवळाच्या पाठीमागं, निदान शंभर फुटांवर.

डिसेंबरात सातपर्यंत चांगला अंधार पडतो. सातला सुरू, नऊला बंद. दहानंतर ध्वनिक्षेपक तसाही चालत नाही. आणि दंव पडतं, हे विसरू नका. मशीनवर छत्री किंवा ताडपत्री हवीच. आदल्या रात्री पूर्ण तालीम घ्या, सगळ्या वायरी जोडून.

रात्रपाळी

तंबूवाले काका, लई कामाचं सांगितलं.

ताई, तुमच्या काकांना आधी एक विचारा. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाइन दिवसाची हाय का रात्रीची? आमच्या फिडरवर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येती. हरभऱ्याला पाणी, गव्हाला पाणी, ऊस असला तर तो. रात्रीची लाइन असली की गडी माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, तुमच्या पडद्यापुढं म्हातारी आणि लेकरंच बसतील. मागं आमच्या गावात एका संस्थेनं असाच कार्यक्रम ठेवला. वीस माणसं आली. ते म्हणाले गावाला गोडी नाही. गोडी हाय, पण मोटर चालू होती.

लाइनमनला फोन करा, तो बरोबर सांगतो.

चुलीपाशी

काळीभोर, तुझी तळमळ कळते गं, पण तू तारीख ठरवताना काकूला विचारलंस का? येळवशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बाईला पाणी प्यायला उसंत नसते. आंबील आदल्या दिवशी लावावं लागतं. तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, भाज्या निवडायच्या, ज्वारी-बाजरीचे उंडे करायचे, आणि पहाटेच चूल पेटवायची कारण पाटी डोक्यावर घेऊन शेतात पोचायचं असतं. पुण्याहून आलेली पोरं मोकळी असतात, म्हणून तुला ती संध्याकाळ मोकळी वाटली.

काकूसाठी हे करणार म्हणतेस, तर काकू ज्या दिवशी बसू शकेल तो दिवस धर. दोन दिवस आधी कर. पोरांना एक दिवस लवकर यायला सांग.

काळीभोर

ताई, वाचून वाईट वाटलं, कारण खरं आहे. मी काकूला विचारलंच नव्हतं. आज फोन केला. ती म्हणाली, “तू ठरवलंयस तर मी काय म्हणू.” म्हणजे आली नसती. दोन दिवस आधीचा दिवस धरतेय. लाइनमन म्हणाले, तो आठवडा दिवसाच्या लाइनचा आहे. रात्रपाळी दादा, तुमचे खूप आभार.

धारूरची_लेक

तुमचं औसा आहे म्हणून डिसेंबर जमेल. आमच्याकडं, धारूर-केजला, दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, मुकादम गाडी पाठवतो, घराला कुलूप. गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, गाव असंच. आमच्यात असा कार्यक्रम करायचा तर अक्षय्य तृतीयेच्या आसपास. तेव्हा लग्नं असतात, पण माणसं असतात.

मला एकानं सुचवलं होतं की कारखान्याच्या तळावरच पडदा लावा, सगळे एका जागी भेटतील. मी नाही म्हणाले. माझी आई पहाटे तीनला उठून कोयता घ्यायची. संध्याकाळी मोळ्या भरून कोपीवर परतली की भाकरी थापता थापता डुलक्या घ्यायची. त्या माणसाला फिल्म दाखवायला कुठला वेळ मागायचा? तिची झोप?

शेवटची_रांग

पुण्यात फिल्म क्लब चालवतो, त्यामुळे परवानगीचं मी सांगतो.

तिकीट नाही म्हणजे परवानगी नको, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ओटीटीचं वर्गणीखातं घरच्यांपुरतं असतं, त्यावरून चौकात दाखवता येत नाही. यूट्यूबवर कुणीतरी चढवलेली प्रतही नको. निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला सरळ मेल करा: गाव कुठलं, माणसं किती, प्रवेश मोफत. माझा अनुभव असा की स्वतंत्र माहितीपट करणारे गावाचं नाव वाचून आनंदानं हो म्हणतात. बहुतेक जण एकच मागतात, नंतर लोक काय बोलले ते कळवा. परदेशी वितरकांकडून उत्तर यायला वेळ लागतो आणि शुल्क सांगतात, ते दहा हजारांत बसणार नाही. दुसरं, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. ते फिल्मला आहे का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्या.

फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या शेतीपटांचाही विचार करा. १९४८ पासून त्यांनी ढीगभर केलेत. थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवायचे, ते. २०२२ मध्ये ती सरकारी संस्था एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, तेव्हा विचारणा आता तिकडं करायची. संकरित ज्वारी आणि खताच्या गोण्या घराघरांत कशा पोचवल्या, ते त्या काळच्या फिल्म्समध्ये दिसतं. म्हाताऱ्या माणसांना त्यावर खूप बोलायचं असतं.

आणि भाषा! ‘नीरोज् गेस्ट्स’ आणि ‘बिटर सीड्स’मधली शेतकरी माणसं बोलतात आपली भाषा, पण मधलं निवेदन इंग्रजी आणि खालच्या पट्ट्या, म्हणजे सबटायटल्सही, इंग्रजी. मराठी पट्ट्या लिहिता येतात. साधी मजकुराची फाइल (एसआरटी) असते, दीड तासाच्या फिल्मला दोन-तीन रात्री जातात. पण बारा फुटांच्या पडद्यावरच्या पट्ट्या वीसाव्या रांगेतल्या आजोबांना दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी त्या वेगानं वाचायची सवय किती जणांना? त्यापेक्षा माईकवर एक माणूस बसवा. फिल्मचा आवाज खाली घेऊन त्यानं दोन-दोन वाक्यांत सांगत जायचं. तालीम मात्र हवी.

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यातला. कापूस आणि तूर. तुमच्या यादीतल्या पहिल्या फिल्मबद्दल बोलतो, कारण ती मी माझ्या गावात दाखवली आहे.

चार-पाच वर्षं झाली. आम्ही काही पोरांनी मिळून केलं होतं, मनापासून केलं होतं. समाजमंदिरात ऐंशी-नव्वद माणूस. फिल्म चांगलीच आहे, त्यात शंका नाही. पण त्या खोलीत अशी तीन घरं बसली होती ज्यांच्याकडचा माणूस असाच गेला. अर्ध्या तासानं एक वहिनी उठली आणि पोराचा हात धरून बाहेर गेली. कोणीच काही बोललं नाही. फिल्म संपली तरी कोणी बोललं नाही. लोक चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी ती वहिनी माझ्या घरी आली. रागावली नव्हती. म्हणाली, “भाऊ, हे आमाले काहून दाखवलं? आमाले मालूम नाही का? हे त्या सायबाईले दाखव ना.”

मग मी ती फिल्म पुन्हा एकट्यानं पाहिली. साईनाथ त्यात रोमन इतिहासकार टॅसिटसची गोष्ट सांगतात. नीरो बादशहानं बागेत मेजवानी दिली, अंधार पडल्यावर उजेडासाठी कैदी जाळले. साईनाथांचा प्रश्न नीरोबद्दल नाही. त्या उजेडात बसून जेवणारे पाहुणे कोण होते, हा आहे. म्हणजे फिल्म पाहुण्यांशी बोलते. आणि मी ती जळणाऱ्यांना दाखवून आलो होतो.

ताई, ती फिल्म तुमच्या पुण्यातल्या सोसायटीत लावा. गावात नका लावू.

धारूरची_लेक

पऱ्हाटी दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पण माझं मत वेगळं आहे.

माझा चुलता असाच गेला. घरात कित्येक वर्षं एकच बोलणं: त्याचंच चुकलं, त्यानं बोअर घ्यायलाच नको होती, काकीनं लग्नाला खर्च करायला लावला. आजी काकीला घालूनपाडून बोलायची. मी कॉलेजात गेल्यावर असे माहितीपट पाहिले आणि मला पहिल्यांदा कळलं की हे आमच्या एकट्याच्या घरातलं नाही, यामागं बाजार आहे, कर्जाची पद्धत आहे, धोरण आहे. मी घरी जाऊन आजीला ते सांगितलं. आजीचं बोलणं एका दिवसात थांबलं नाही, पण थांबलं.

दुःख माहीत असतं, कारण माहीत नसतं. ते कारण गावापासून लांब ठेवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

पऱ्हाटी

बाई, तुम्ही म्हणता ते नाकारत नाही. पण तुम्ही आजीपाशी बसून, हात धरून सांगितलं. दोनशे माणसांच्या पुढ्यात, अंधारात, मोठ्या पडद्यावर नाही सांगितलं. माणूस रडला तर त्याच्याजवळ कोण बसणार, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. ती आमची चूक. त्या घरांना आधी जाऊन विचारलं असतं तरी गोष्ट वेगळी झाली असती.

काळीभोर

दोघांचंही पटतंय आणि त्यामुळं दोन दिवस निर्णय होत नव्हता. आमच्या गावातही दोन घरं आहेत. एका घरात माझी बालमैत्रीण आहे. आज तिला फोन करून सरळ विचारलं. ती म्हणाली, “तू दाखव, मी येणार नाही.” मग मी ठरवलं, जी फिल्म बघायला माझी मैत्रीण येणार नाही ती गावच्या चौकात लावायची नाही. ‘नीरोज् गेस्ट्स’ पुण्यात दाखवीन, आमच्या गावची आणि आसपासची जी पोरं तिकडं कंपन्यांत आहेत त्यांना, आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांना. धारूरची ताई, तुमचा मुद्दा सोडून देत नाहीये. कारणांबद्दल बोलायचंच आहे.

मग गावात काय दाखवू? कॅलिफोर्नियाच्या फिल्मबद्दल काका म्हणाले, “दोनशे एकराचं शेत बघून आम्ही काय करावं?” पण त्यात बदकं बागेतल्या गोगलगायी खातात, हे सांगितल्यावर सरसावून बसले. २०२२ च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी आमचं कोवळं सोयाबीन रातोरात खाल्लं होतं, आम्ही बादल्या भरभरून वेचल्या. वितरकाकडून अजून उत्तर नाही, त्यामुळं ती फिल्म राहिलीच.

मांजराकाठ

मी बीदरला शिक्षिका आहे. इथं बरीच वर्षं काढल्यामुळं मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही येतात. तुमची मांजरा नदी लातूरवरून आमच्याकडं येते आणि पुढं तेलंगणात जाते. तिकडंच, जहिराबादजवळ, पस्तापूर आहे. तिथल्या फिल्म तुमच्या गावात दाखवा, असं मला फार वाटतं.

पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था आहे. पी. व्ही. सतीश तिच्या संस्थापकांपैकी, २०२३ मध्ये गेले. दलित शेतकरी बायकांचे गावोगाव संघ, तिकडच्या भाषेत ‘संघम’. पडीक, हलक्या जमिनीवर त्यांनी ज्वारी, बाजरी, राळा, तूर, कडधान्यं असं मिश्र पीक उभं केलं आणि घराघरांत बियाणं साठवलं. त्यातल्याच काही जणी कॅमेरा शिकल्या. शाळेत न गेलेल्या बायका. वरंगळकडच्या बीटी कापसाच्या शेतकऱ्यांकडं त्या हंगामभर पुन्हा पुन्हा गेल्या आणि त्यावर फिल्म केली. २००८ मध्ये त्यांचं रेडिओ केंद्रही सुरू झालं.

त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावं दिली आहेत. खालून वर बघणारा तो पटेल शॉट, कारण पाटील उंच ओट्यावर बसतो आणि आपण खालून मान वर करून बोलतो. वरून खाली बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवर कॅमेरा ठेवला की तो संघम शॉट, कारण संघमच्या बैठकीत सगळ्या जणी एका सतरंजीवर बसतात. मी हे माझ्या वर्गात सांगते तेव्हा मुलांना एका मिनिटात कळतं.

बियाण्यांवरची त्यांची एखादी छोटी फिल्म मागवा. भाषा तेलुगू असेल. मी येते आणि माईकवर बसते. औसा काही लांब नाही.

काळीभोर

ताई, तुम्ही येणार? मी काकूला सांगितलं. ती म्हणाली, “मास्तरीणबाईंना मुक्कामाला आपल्याकडंच ठेव.”

तुमच्या संघम शॉटवरून एक सुचलं. चुलतभाऊ गावातल्या शाळेत शिकवतो. सातवी-आठवीच्या पोरांना मोबाइल देऊन गावातल्याच जुन्या माणसांना बोलतं करायला लावतोय. एकच नियम: आजोबा बाजेवर तर कॅमेरा बाजेवर, आजी जमिनीवर तर कॅमेरा जमिनीवर.

आणखी एक प्रश्न. एका बियाणे कंपनीचा माणूस दुकानात भेटला. म्हणाला, सगळा खर्च आम्ही करतो, चहा-नाश्ताही देतो, पडद्याच्या दोन बाजूंना आमचे फलक लावा आणि मधे पाच मिनिटं बोलू द्या. गावातल्या काही जणांना यात वावगं वाटत नाही. जनरेटर, प्रोजेक्टर, बॉक्स मिळून साडेसात हजार होतायत, कापड आणि शिलाई वेगळी.

रात्रपाळी

नको. घरच्या बियाण्याची फिल्म आणि बाजूला पिशवीचा फलक? लोक काय ते समजतात. वर्गणी काढा. दहा-वीस रुपये का होईना, घरटी. पैसा दिला की माणूस आपला कार्यक्रम म्हणून येतो.

तंबूवाला

सहमत. आणि चहा गावानं करावा. दूध ज्याच्या त्याच्या घरचं.

काळीभोर (साडेतीन आठवड्यांनी)

झाला. परवा रात्री झाला. आज सविस्तर लिहिते.

देवळाच्या भिंतीला चुना लावायला पुजाऱ्यांनी हो म्हटलं नाही, म्हणून मांजरपाटच. तंबूवाल्या काकांनी सांगितलं तसं काळं कापड लावून, बांबूला हात-हात अंतरावर बांधलं. वारा होता तरी चित्र हललं नाही. आदल्या रात्रीची तालीम केली म्हणून वाचलो, कारण लॅपटॉपमधून आवाज बॉक्सपर्यंत पोचतच नव्हता. तासाभरानं दुसरी वायर मिळाली. ही वायर ऐन वेळी कुठून आणली असती?

सातला पोरं पुढं, म्हातारी माणसं कट्ट्यावर घोंगडी पांघरून. बाया मात्र लांब, शाळेच्या भिंतीपाशी अंधारात उभ्या. काकू उठली, घरातली सतरंजी आणली, बरोबर मधे अंथरली आणि एकटीच बसली. पाच मिनिटांत सतरंजी भरली. शेवटी अडीचशेच्या वर माणसं होती.

आधी राहीबाईंवरची फिल्म. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बाईंना पद्मश्री मिळाली, हे इथल्या कितीतरी जणांना माहीत नव्हतं. मग पस्तापूरची. बीदरच्या ताई इतक्या सहज बोलत होत्या की दहा मिनिटांनी भाषा वेगळी आहे हे विसरायला झालं. एका दृश्यात बाई मडक्यातून बारीक पिवळं बी हातावर घेते, तेलुगूत ‘कोर्रा’ म्हणते, आणि ताईंनी सांगायच्या आधी सतरंजीवरून तीन-चार म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, “आगं, राळं हाय की ती!” पुढं त्या थांबेनातच. राळ्याचा भात, कारळ्याची चटणी, अंबाडी, राखेत घोळून ठेवलेलं बी, कडुनिंबाचा पाला. पडद्यावरची बाई काय करणार ते या आधीच सांगायच्या. भावानं फिल्म थांबवली आणि त्यांना बोलू दिलं. मला वाटतं, ते थांबवणं फार बरोबर झालं.

शेवटी पोरांची अकरा मिनिटांची फिल्म. गावातले तीन आजोबा आणि दोन आज्या पेवाबद्दल बोलतात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंडाला अरुंद नि आत रुंद असं ज्वारी साठवायचं कोठार. आतून कडब्याचा थर, वर मातीनं लिंपलेलं. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आत वाफ असते, दिवा सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. १९७२ च्या दुष्काळात कुणाचं पेव कधी संपलं, मग खडी फोडायला कुठं गेले, सुकडी कशी मिळायची. आपल्या गावचे आवाज त्या बॉक्समधून आले तेव्हा पटांगणात लेकरंसुद्धा गप्प होती. एक आजोबा ऑक्टोबरात वारलेत. भावानं त्यांचं बोलणं आधीच मोबाइलवर घेतलेलं होतं. त्यांचा मुलगा कट्ट्यावरून उठून पडद्याजवळ येऊन बसला.

नंतरची चर्चा मी चालवणार होते, पण चालवावी लागली नाही. पहिला प्रश्न काकूचा: “हे सगळं आपल्यात होतं, मग गेलं कसं?” त्यावर पाऊण तास. सोयाबीन आलं तेव्हा रोख पैसा आला, ज्वारी कमी झाली, कडबा कमी झाला, बैल गेले. कुणी कुणाला दोष दिला नाही. धारूरची ताई, कारणं बोलली गेली, आणि लोकांनी स्वतःच्या तोंडानं बोलली.

मग गाडी सोयाबीनच्या बियाण्यावर आली. दरवर्षी पिशवी कशाला घ्यायची? ते संकरित नाही, सरळ वाण आहे, घरचं चालतं. भाव पडलेला असल्यानं बऱ्याच घरांत माल अजून तसाच आहे, त्यातलंच चांगलं बाजूला काढायचं. एका काकांनी सगळ्यांना समजावलं: ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, पाच-सहा दिवसांनी कोंब मोजा, सत्तर निघाले तर एकरी तीस किलो, कमी निघाले तर त्या मानानं जास्त. पोती एकावर एक रचू नका, आपटू नका, सोयाबीनची साल नाजूक असते. पुढच्या वर्षी मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवा. चौदा बायकांनी नावं दिली. चाचणीचे कोंब मोजायचं काम शाळेतल्या पोरांकडं.

दहाच्या आधी ध्वनिक्षेपक बंद केला. माणसं त्यानंतरही बसली होती. माझी मैत्रीण आली होती. मागं, पण आली होती.

चुकलं तेही लिहिते. ऊसतोडीच्या दोन कोपी गावाबाहेर होत्या, त्यांना बोलवायचं राहिलं. चर्चेचा माईक फिरवायला माणूस ठेवला नव्हता, त्यामुळं मागच्या बायांचं बोलणं पुढं आलंच नाही. वर्गणी पाच हजार दोनशे, उरलेलं मी घातलं.

पऱ्हाटी

ताई, फिल्म थांबवून बायांना बोलू दिलं, ते वाचून फार बरं वाटलं. आम्ही त्या वहिनीला काहीच बोलू दिलं नव्हतं. पुण्यात ‘नीरोज् गेस्ट्स’ कधी लावताय ते कळवा. रजा काढून येतो.

काळीभोर

परवानगीचा मेल गेलाय, तारीख त्यावर ठरेल. काकूला सांगितलं तर म्हणाली, “तिकडं मी येते. मला बोलायचंय तिथं.” तिच्यासाठी पुढच्या रांगेतली खुर्ची धरलीय, आणि तुमच्यासाठी तिच्या शेजारची.

धारूरची_लेक

पडदा आता रिकामा असेल तर अक्षय्य तृतीयेसाठी आमच्याकडं पाठवाल का? शिलाईचे निम्मे पैसे आम्ही देऊ. गावातल्या दोन मुकादमांनीसुद्धा बसायचं कबूल केलंय. पोरं एप्रिलपासून आज्यांचं बोलणं घ्यायला लागतील, जमिनीवर बसून.

काळीभोर

पैसे नकोत. धुऊन, घडी घालून, काळ्या कापडासकट लातूरहून एसटीनं पाठवते. बांबू मात्र तिकडचे घ्या. आणि बाजूच्या दोऱ्या मी सोडलेल्या नाहीत, गाठी तशाच आहेत.